पश्चिमेची ओली भिंत

मी माझ्या वडिलांवर पाळत ठेवली. आपल्याच अंगणात, कडुलिंबाआड उभं राहून, चोराची वाट बघावी तशी. डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. पण त्याचा मला हवा तो अर्थ लावून मी चार माणसांत त्यांना बोललो. चूक तिथे झाली. पुढे लिहिताना मी कुठे स्वतःची बाजू सावरताना दिसलो, तर वाचणाऱ्याने ती मानू नये.

गोष्ट घराची आहे. पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांनी बांधलेल्या दोन खोल्या होत्या, वर टिनाचे पत्रे. मी जवाहरनगरला सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आई गेल्यावर बाबा गावीच एकटे राहिले. मागच्या मे महिन्यात भर दुपारी ते भिंतीला टेकून बसलेले शेजाऱ्याला दिसले. ओठ कोरडे, नजर भलतीकडे, आणि माझ्या आईला हाक मारून पाणी मागत होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सलाईन लागल्यावर शुद्धीवर आले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढचा उन्हाळा त्यांना त्या पत्र्याखाली काढू देऊ नका." एवढंच म्हणाले, पण कसं म्हणाले ते मला पुरलं. बाबा क्वार्टरला यायला तयार नव्हते. शिवाय आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अंगावर ऊन ओकतो, हे मी वर्षानुवर्षं भोगत होतो. गावात एसी चालेल असं व्होल्टेज नाही.

म्हणून मी थंड राहणारं घर बांधायचं ठरवलं. नागपूरच्या एका वास्तुरचनाकार बाईंच्या शिबिराला गेलो, त्यांच्याकडून नकाशा करून घेतला. घर पूर्व-पश्चिम लांब, म्हणजे लांबट बाजूंवर तिरपं ऊन कमी पडतं. पश्चिमेला एकही खिडकी नाही. समोर रुंद सपरी, म्हणजे ओसरी. आमच्याच जागेतली माती चाळून, त्यात थोडं सिमेंट घालून हातयंत्रावर दाबलेल्या, न भाजलेल्या विटा. त्यावर माती, शेण आणि बारीक चिरलेल्या तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, गिलावा. वर बांबूची ताटी आणि तिच्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, आणि आढ्याखाली गरम हवा निघून जायला झरोके. खर्च स्लॅबच्या घरापेक्षा बराच कमी. मी तो नकाशा बाबांपुढे पसरला तेव्हा मला वाटलं होतं, ते खूश होतील.

बाबांनी चष्मा लावला, कागदाकडे पाहिलं, चष्मा काढला.

"मातीचं?"

"साधी माती नाही बाबा. दाबलेली वीट राहते."

"वर कवेलू?"

"थंड राहते."

"माकडं आले म्हणजे अजून थंड होते. वरून हवाच हवा." मग म्हणाले, "ह्या बाई सोता कशात राहतात?"

बाई नागपुरात फ्लॅटमध्ये राहत होत्या, चौथ्या मजल्यावर. मी नकाशाची घडी घालायला लागलो. बाबांना ते कळलं.

"तुह्या आज्यानं दीक्षा घेतली, देव्हारा उचलला, पण घर मातीचंच राहिलं. तुह्या मायचे बोटं सारवण घालून घालून झिजले. मातीतून निघाले आपल्याले दोन पिढ्या लागल्या, अन् तू नोकरीचा पैसा लावून परत मातीत जाऊन राहिला." आणि मग ते वाक्य, जे मी पुढे कित्येक दिवस मनात घोळवत राहिलो: "पहिल्या पाण्यात बसते हे घर. पाहून घे."

बाबांच्या बोलण्यात काय होतं ते मला माहीत असायला हवं होतं. त्यांचा जन्म बांधकामावरच गेला. ते गवंडी नव्हते. ते तराईचं काम करायचे. नव्या भिंतीला, कॉलमला, स्लॅबला दिवसातून अनेकदा पाणी मारून भिजतं ठेवायचं, म्हणजे सिमेंट पक्कं होतं. हे काम ज्याला दुसरं काही येत नाही त्याला देतात, असा समज आहे. बाबांना तसं वाटत नसे. जवाहरनगरच्या काही क्वार्टरांवर त्यांनी पाणी मारलेलं होतं, आणि बसने जाताना ते बोट दाखवायचे. लोकांचे स्लॅब त्यांनी आयुष्यभर भिजवले. स्वतःच्या डोक्यावर मात्र पत्रेच राहिले. मुलगा नोकरीला लागला म्हणजे एक दिवस आपल्याही घरावर स्लॅब पडेल, असं त्यांनी धरलं होतं. मी त्यांच्या तब्येतीचा विचार केला आणि त्या धरलेल्या गोष्टीचा नाही केला.

लांब रजा टाकून मी आणि बायको गावी आलो. जुन्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, आणि शेजारी नवं घर उभं राहत होतं. मे यायच्या आत बाबांची खाट नव्या घरात पडली पाहिजे, हा एकच हिशेब माझ्या डोक्यात होता.

गावाला माझा संशय आला. कारखान्यात पक्की नोकरी असलेला माणूस मातीचं घर बांधतो म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. कुणी म्हणालं, पैसा कुठेतरी बुडवला असेल. कुणी म्हणालं, घरकुलाचं अनुदान उचलून कमी खर्चात घर उरकतो आहे. एक दूरचे काका येऊन भिंतीला टिचकी मारून गेले आणि जाताना बायकोला म्हणाले, "सुनबाई, काही अडचण असन तर सांगत जाय." मी प्रत्येकाला उभं करून समजावून सांगायचो. माती उष्णता कशी उशिरा आत सोडते, झरोक्यातून हवा कशी चढते, गिलाव्याला पाणी का चालत नाही. शाळेतल्या मास्तरांना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. बाबा तिथेच खाटेवर बसलेले असायचे. त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांच्याशी पुन्हा वाद नको, असं मी स्वतःला म्हणायचो.

आणि मीही संशयाचाच माणूस. कारखान्यात माझं काम तपासणीचं. आलेला माल बरोबर नाही असंच धरून चालायचं आणि मग तो बरोबर आहे का ते बघायचं. ही सवय घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही. मिस्त्री जेवायला गेला की मी मातीच्या ढिगात हात घालून बघायचो. सिमेंटची पोती उघडी राहिली की हवेने खराब झाली का, की कुणी काढून नेली, असं मनात यायचं. मिस्त्री लाखांदूरकडचा, मातीच्या कामात मुरलेला, आणि त्याची बायको त्याच्या हाताखाली. दोघांनी हे सगळं पाहिलं असणार. कधी बोलले नाहीत.

भिंती उभ्या राहिल्या. गिलावा झाला. पश्चिमेची भिंत सर्वांत शेवटी लिंपली. तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी त्या बाजूला गेलो आणि बघतो तर गिलाव्यावर ओलसर डाग. गडद, पसरट, कडेला पंख्यासारखे. दहा वाजेपर्यंत वाळून गेले. दुसऱ्या सकाळी पुन्हा. त्याच्या पुढच्या सकाळी डागाच्या जागेवर गिलावा फुगला आणि एक पापुद्रा खाली गळून पडला.

आधी मिस्त्रीवर गेलो. "तणस कमी घातली का?"

तो गिलाव्याचा तुकडा हातात घेऊन चोळत म्हणाला, "नाही जी. पाणी लागलं याले. बाहेरून."

"बाहेरून कुठून? पाऊस आला का?"

"ते मले काय माहीत जी? मी इथं झोपतो का?"

त्याने असं म्हटलं की मला वाटलं, अंगावर ढकलतोय. मग शेजाऱ्यावर गेलो. शेजारी विणकर घराण्यातले, त्यांच्या न्हाणीचं पाणी आमच्या कुंपणाच्या कडेने जातं. मी कुंपणावरून वाकून नाली बघत होतो तेव्हा शेजारी दात घासत बाहेर आले.

"साहेब, काय हरवलं?"

"काही नाही. नाली पाहून राहिलो."

"पाहा, पाहा. सरकारी माणूस, नालीबी चेक करते!" ते हसले. मला ते हसणंही संशयास्पद वाटलं. पण नाली कोरडी होती, आणि डाग नालीच्या बाजूला नव्हता, छातीएवढ्या उंचीवर होता. तेवढ्या उंचीवर पाणी आपोआप जात नाही. कुणीतरी मारावं लागतं.

मग माझं मन बाबांकडे वळलं. एकदा वळल्यावर जिकडेतिकडे पुरावे दिसायला लागले. त्यांचा पायजमा सकाळी घोट्याजवळ ओला असायचा. अंगणातली बादली मी रात्री पालथी ठेवायचो, ती सकाळी उताणी असायची. आणि डाग दिसायच्या आदल्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं, "भिंतीले पाणी कोण मारून राहिलं?" मी मोबाईलवरून मान वर न करता म्हणालो होतो, "कोणीच नाही. तुम्ही कायले काळजी करता?" आता मला वाटायला लागलं, ते अंदाज घेत होते. कुणाच्या लक्षात येईल का ते बघत होते. पहिल्या पाण्यात बसते हे घर. मग ते पहिलं पाणी तेच घालत असतील. घर बसलं की मला स्लॅब घालावाच लागेल.

हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा हे मला अगदी बरोबर जुळल्यासारखं वाटलं. माल नाकारण्यासाठी तीन दोष पुरतात, आणि माझ्याजवळ चार होते.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तुमाले मामाजीवर डाऊट येऊन राहिला का?" बाबांना ती मामाजी म्हणते.

"डाऊट नाही. पाहायचं आहे."

"विचारा ना मग. तोंड आहे ना तुमाले?"

"विचारलं तर नाही म्हणतीन."

"तुमीबी ना जी," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. थापण्याचा आवाज आधीपेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मी कडुलिंबाआड उभा राहिलो. बाबा खोलीतून निघाले. बादली उचलली, टाकीतून भरली, पश्चिमेच्या बाजूला गेले. मगात पाणी घेऊन त्यांनी भिंतीवर मारलं. एकाच जागी नाही. हात आडवा फिरवून, पाण्याचा पातळ पंखा करून, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. त्या हालचालीत घाई नव्हती, चोरटेपणा नव्हता. मी ते पाहिलं आणि तरी मला दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की माझा अंदाज खरा निघाला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. माल सदोष निघाला की मला कारखान्यात होतो तसा.

मी लगेच पुढे गेलो असतो तर निदान ते आमच्या दोघांत राहिलं असतं. पण मिस्त्री आणि त्याची बायको सायकलवरून अंगणात शिरत होते, आणि माझी बायको चहा घेऊन दारात आली होती. साक्षीदार असावेत असं मला वाटलं. मी आडोशातून बाहेर आलो आणि मोठ्याने बोललो.

"भिंत पाडायचीच होती बाबा, तर सब्बल घ्यायची होती! एवढं पाणी कायले वाहून राहिले? मले सांगतलं असतं, मीच पाडली असती!"

बाबा वळले. माझ्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, मग सुनेकडे.

"मी?" एवढंच म्हणाले.

"मंग कोण? सकाळच्या सकाळी चोरून? तुमाले स्लॅब पाहिजे म्हणून घराच्या पायाले सुरुंग लावता?"

मगात उरलेलं पाणी त्यांनी कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. बादली जागेवर नेऊन ठेवली. मी त्यांच्या गप्प राहण्याला कबुली समजलो. दुपारच्या बसने ते पवनीला माझ्या बहिणीकडे निघून गेले. डोक्याला गमछा, हातात एक पिशवी. बायको रस्त्यापर्यंत गेली त्यांना थांबवायला. मी गेलो नाही. ऊन कसं होतं ते मला माहीत होतं, तरी गेलो नाही.

संध्याकाळी मिस्त्रीने मला पश्चिमेच्या भिंतीकडे बोलावलं. म्हणाला, "साहेब, हे काढू का ठेवू?" भिंतीच्या वरच्या कडेला खिळे मारून पोत्याची बारदानं टांगलेली होती. दुपारचं ऊन जिथे थेट पडतं तेवढ्याच भागावर. नीट शिवून एकाला एक जोडलेली. पकडून पाहिली तर अजून दमट होती, म्हणजे जाण्याआधीही ते ती भिजवून सोडून गेले होते. बाबांनी ती मी भंडाऱ्याला सामान आणायला गेलो होतो त्या दिवशी लावली असावीत. मी त्या बाजूला दुपारी कधी फिरकत नव्हतो, आणि सकाळी ती गुंडाळून वर ठेवलेली असायची. मी डाग बघायला जायचो, डागाच्या वर मान केली नाही.

ज्याला भिंत पाडायची असते तो भिंतीला उन्हापासून झाकत नाही.

"बुढ्यानं तराई केली जी," मिस्त्री म्हणाला. "सुरुवातीले आपण विटाईले पाणी मारत होतो ना, ते त्यायनं पाहिलं. मंग गिलाव्याले कोणी मारून नाही राहिलं. त्यायले वाटलं असन, कामात हयगय चालू आहे." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "तुमी मले नीट विचारलं असतं तर मी सांगतलं असतं. पण तुमी तं मलेच विचारून राहिले होते, तणस कमी घातली का म्हणून."

विटांना पाणी लागतं, कारण त्यात सिमेंट असतं. गिलावा निव्वळ मातीचा, त्याला पाणी मारलं की तो सुटतो. एवढी एक ओळ. ती मी पोस्टमनला सांगितली होती. बाबांनी मला सरळ विचारलं होतं, भिंतीला पाणी कोण मारतं, आणि मी मान वर केली नव्हती. जे घर त्यांना नको होतं, जे बसेल असं ते बोलले होते, ते बसू नये म्हणून सत्तरीपलीकडचा माणूस पहाटे उठून बादल्या वाहत होता. आणि सांगत नव्हता, कारण सांगितलं असतं तर हे घर त्यांनी मान्य केलं असा अर्थ झाला असता. ते मानी आहेत. तो मानीपणा मी त्यांच्याकडूनच शिकलो आहे, फक्त चुकीच्या जागी वापरतो.

दोन दिवसांनी मी पवनीला गेलो. माफी मागायलाच गेलो होतो, पण मागितली नाही. बहिणीचं घर स्लॅबचं, वरच्या खोलीत बाबा. पंखा गरम वारा फेकत होता. त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हणालो, "चला घरी. इथं ऊन लागते तुमाले."

"स्लॅब आहे हा," ते म्हणाले. "पक्का आहे."

"बाबा, थोडा गैरसमज झाला होता."

"कोणाचा?"

मला तोंडातून 'माझा' हा शब्द काढता आला नाही. मी म्हणालो, "दोघांचाही."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. खाली बहिणीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "दादा, लोकाईसमोर बोलला, अन् इथं कोपऱ्यात येऊन पुटपुटून राहिला? जाय तू."

त्या आठवड्यात तिचा फोन आला. बाबा दुपारी चक्कर येऊन जिन्यात बसले होते. सलाईनची गरज पडली नाही, पण जेवण सोडल्यासारखं झालं आहे. बोलतात कमी. बायको फोनजवळच होती. तिने माझी चप्पल दाराशी आणून ठेवली. मी मिस्त्रीच्या घरी गेलो, आणि त्याला व त्याच्या बायकोला म्हणालो, माझ्याबरोबर पवनीला चला. मिस्त्रीने विचारलं, "आमचं काय काम तिथं?" मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं, म्हणून." आणि तणशीबद्दल त्याच्याशी जे बोललो होतो, त्याचीही तिथेच उभ्या उभ्या माफी मागितली. तो संकोचला. सदरा बदलून आला. माझी बायकोही आमच्याबरोबर निघाली.

बहिणीच्या ओट्यावर बाबा बसले होते, शेजारची दोन माणसं गप्पा मारत होती. आम्हा चौघांना बघून त्यांना वाटलं, भिंत पडली.

"पडली का?" त्यांनी विचारलं. आवाजात आनंद नव्हता. भीती होती.

"नाही," मी म्हणालो. "उभी आहे."

शेजारची माणसं उठून जायला लागली, त्यांना मी थांबवलं. बसून बोललो असतो तर पुन्हा पुटपुटलो असतो, म्हणून उभाच राहिलो.

"बाबा, मी झाडाआड उभा राहून तुमच्यावर पाळत ठेवली. तुमी भिंत पाडून राहिले असं मी या दोघांसमोर अन् सुनेसमोर बोललो. ते खोटं होतं. तुमी माह्या घराची तराई करून राहिले होते. गिलाव्याले पाणी चालत नाही, हे मी साऱ्या गावाले सांगतलं, तुमालेच नाही सांगतलं. तुमी विचारलं, तवा मान वर करून पाहिलं नाही. अन् मागच्या वेळी इथं येऊन दोघांचा गैरसमज म्हणालो, तेबी खोटं. गैरसमज नव्हता, मी तुमच्याबद्दल वाईटच धरून बसलो होतो. चूक माह्या एकट्याची आहे. मले माफ करा."

बाबांनी बहिणीला पिशवी खाली आणायला सांगितली आणि मिस्त्रीला विचारलं, "मंग विटाईले पाणी, अन् गिलाव्याले नाही?"